सात मिनिटं मागे

सरांच्या घरातलं एकही यंत्र खरं बोलत नसे, आणि सरांना त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. बैठकीतलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवायचा. शिवणाच्या टेपचे पहिले दोन इंच कुणीतरी कधीतरी कापून नेले होते. थर्मामीटर धडधाकट माणसालाही अर्धा डिग्री ताप चढवायचं. यातल्या प्रत्येक वस्तूवर सरांनी वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर त्यांच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं असायचं: ‘७ मि. मागे’, ‘२ कि. जास्त’, ‘२ इंच वजा करा’. पहिल्यांदा त्या घरी गेलेला माणूस चहा पिता पिता भिंती वाचत बसायचा.

“घड्याळाचं दुकान हितून धा पावलांवर हाय,” काकू म्हणायच्या. काकू म्हणजे सरांच्या बायको. “पर ह्यायनी जातील तर शप्पथ.”

“दुरुस्त केल्यालं घड्याळ कवा दगा देईल सांगता येतं का?” सर विचारायचे. “हे इतकी वर्सं झाली, सातच मिन्टं मागं हाय. याच्यापरीस भरवशाचं घड्याळ वसमतमदी दाखवा.”

हा भरवसा कुठून येत होता ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. घड्याळाचा सेल संपला होता. सरांनी नवा सेल घातला, मोबाईल बघून काटे अगदी बरोबर लावले, आणि मग बोटानं ते सावकाश सात मिनिटं मागे सारले. मी बघतच राहिले. सर शांतपणे म्हणाले, “चिठ्ठी खोटी पडंल ना.”

सर वसमतच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मूळचे सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे, पण नोकरी सगळी इकडेच गेली. मी हट्ट्याची. सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं जायचं, आणि मधल्या वेळात सरांच्या ‘किती?’ला तोंड द्यायचं, असं माझं कॉलेज चाललं होतं. ‘किती?’ हा सरांचा आवडता शब्द. कुणी म्हटलं, सर, आज फार ऊन आहे, की सर म्हणायचे, “किती?” बस उशिरा आली म्हटलं तरी “किती?” एकदा एका पोरानं, आजी वारली म्हणून दोन दिवस आलो नाही, असं सांगितलं. सरांच्या ओठावर तो शब्द आलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला. काकूंचा मात्र या बाबतीत आक्षेप होता. “समद्या दुनियेला किती किती ईचारतेत. लग्नाला किती वर्सं झाली हे मी ईचारलं की सांगतेत, अंदाजे तीसेक.”

त्यांची पेपर तपासायची तऱ्हाही अशीच. एका वर्षी त्यांना शंका आली की आपण जेवण झाल्यावर जरा सढळ हातानं मार्क देतो. मग त्यांनी जेवणाआधीचे आणि जेवणानंतरचे पेपर वेगळे काढून सरासरी काढली. फरक निघाला चार मार्कांचा. झालं. जेवणानंतरच्या सगळ्या पोरांचे चार चार मार्क वजा. आमच्या वर्गात बोंबाबोंब झाली. एक धीट पोरगी स्टाफरूममध्ये जाऊन भांडली, की सर, उपाशी माणसाचा राग खरा कशावरून, जेवलेल्याची मायाच खरी असेल. सरांना हे फार पटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच दोन दोन मार्क इकडचे तिकडे करून दिले आणि त्या पोरीला चहा पाजला.

एक गोष्ट मात्र सरांकडून कुणालाच मिळाली नाही. आमच्याकडे काम नीट झालं की माणूस ‘बराबर’ म्हणतो. चहात साखर बराबर, मापात कापड बराबर. सरांनी हा शब्द कुठल्याही विद्यार्थ्याच्या वहीत कधी लिहिला नाही. फार खूश झाले तर लिहायचे, ‘पुढे चला’. नाहीतर, ‘पुन्हा’. त्यांच्या हाताखाली शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेले लोक वसमतला आले की एकमेकांना विचारायचे, तुला कधी म्हणाले का? मी पहिल्याच वर्षी मनाशी ठरवलं होतं की मी तो शब्द काढून घेईन. बाकी मला आयुष्यात काय करायचं होतं ते तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं, पण हे ठाऊक होतं.

एम.एस्सी. झाल्यावर मी सरांकडेच संशोधनाला राहिले. संशोधन म्हणजे काय, तर कॉलेजच्या मागच्या खोलीत एक पंखा, तीन कॉम्प्युटर, आणि अवकाशात फिरणाऱ्या एका दुर्बिणीनं काढलेले फोटो. हे फोटो कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आमच्या इंटरनेटवर एक फोटो उतरायला डबा खाऊन होईपर्यंतचा वेळ लागायचा. लोकांना त्या फोटोंतल्या रंगीत ढगांचं कौतुक असतं. सरांना कौतुक होतं ते एवढंच, की ती दुर्बीण दुरुस्त करता येत नाही.

“वर मिस्त्री जात न्हाई,” ते खुशीत म्हणायचे. “ती दिवसेंदिवस बिघडून राहिली, अन् आपुन हितं बसून नुसतं बघायचं, किती बिघडली ते.” सरांना त्यांच्या घरातल्या घड्याळाचं थोरलं भावंड सापडलं होतं.

ती बिघडते ती अशी. दुर्बिणीत फिल्म नसते, चिप असते, आणि तिच्यावर लाखो बारीक खाने असतात. प्रकाश पडला की खान्यात इलेक्ट्रॉन साठतात. फोटो वाचायच्या वेळी हे इलेक्ट्रॉन एका खान्यातून शेजारच्या खान्यात, तिथून पुढच्या, असे ढकलत ढकलत चिपच्या काठापर्यंत नेतात आणि तिथं मोजतात. वर वातावरणाचं पांघरूण नाही. सूर्याकडून सुटलेले वेगवान कण येऊन चिपवर आदळत राहतात, आणि तिच्यात बारीक खळगे पडतात. जाता जाता काही इलेक्ट्रॉन खळग्यात अडकतात, जरा वेळानं सुटतात, पण तोवर त्यांचा घोळका पुढे गेलेला असतो. मग ते मागून येणाऱ्या खान्यात मोजले जातात. ठिपक्यासारखा तारा असेल तर त्याच्यामागे फिकट शेपूट दिसतं, आणि दीर्घिका, म्हणजे दूरची आकाशगंगा, असेल तर ती आहे त्याहून लांबट दिसते. वर्षामागून वर्ष हे वाढतच जातं.

लांबट दिसली तर बिघडलं कुठं, असं माझ्या आईनं विचारलं होतं. बिघडतं ते असं की दीर्घिकांच्या लांबटपणावरच सगळी मदार असते. मधे कुठं न दिसणारा पदार्थ असला तर त्याच्या ओढीनं मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्या केसभर लांबट दिसतात. तो केसभर लांबटपणा मोजून न दिसणाऱ्याचं वजन काढायचं. आता तो विश्वातून आला की चिपच्या खळग्यांतून, हे ओळखता आलं नाही तर मेहनत पाण्यात.

हे सगळं सरांनी आम्हाला फळ्यावर शिकवलं नाही. ते आम्हाला गिरणीत घेऊन गेले. कॉलेजच्या मागे खंडूमामांची गिरणी होती. तिथं दोन चक्क्या, एक धान्याची, एक हळद-मिरचीची. सर सहा डबे तांदूळ घेऊन आले, डब्यांवर नंबर घातलेले, आणि म्हणाले, “मामा, हे हळदीच्या चक्कीत दळा. आत्ता हळद निघाली ना, लगेच.”

खंडूमामा घाबरले. “सर, पिवळं येईल की.”

“किती?”

“आता किती म्हंजे... पिवळं. तुमच्या घरी मला शिव्या बसतील.”

“म्हणूनच तर दळायचं.”

आमच्या घरी कुणी गिरणीत निघालं की आई पहिलं विचारते, “आधी काय दळलं ते बघ.” चक्की आधीच्या माणसाचं थोडं धरून ठेवते आणि मागच्याच्या डब्यात सोडते, हे आमच्याकडे लेकराला ठाऊक असतं. पण ते किती, आणि कितव्या डब्यापर्यंत, हे कुणी मोजायला गेलं नव्हतं. पहिला डबा झेंडूसारखा पिवळा आला. दुसरा त्याहून फिका, तिसरा आणखी फिका, पाचवा जेमतेम. सहावा स्वच्छ पांढरा. आम्ही म्हणालो, संपली हळद. सरांनी खिशातून चुन्याची डबी काढली, चुन्याचं पाणी करून सहाव्या डब्यातल्या चिमूटभर पिठावर टाकलं. कडेनं तांबूस रेघ उमटली.

“डोळ्याला दिसत न्हाई, म्हंजे न्हाईच असं समजू नगा,” सर म्हणाले. “आता सांगा, पहिल्या गिऱ्हाइकाची हळद त्याला माघारी द्यायची तर काय कराल?”

आमचं पुढच्या तीन-साडेतीन वर्षांचं काम तेच होतं. कुठल्या डब्यात किती हळद सांडली ते मोजायचं आणि हिशेबानं ती मूळ डब्यात परत टाकायची. गंमत अशी की चिपवर काही खाने त्या कणांच्या मारानं कायमचे बिघडलेले असतात, ते अंधारातही उगीच चमकत राहतात. एकेकटे असल्यामुळे त्यांच्यामागचं शेपूट स्वच्छ मोजता येतं, आणि त्यावरून बाकीच्यांचं. सरांना या गोष्टीचा भारी आनंद व्हायचा. “चोरानंच पंचनाम्यावर सही करून द्यावी, तसं हाय हे.” घरी मात्र काकूंनी पंधरा दिवस पिवळी धिरडी केली. पहिल्या डब्याची तर कडू लागायची. सर ती चवीनं खात आणि प्रत्येक वेळी डब्याचा नंबर विचारत.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दोन वर्षं फोटो चाळल्यावर मला एका भागातल्या दीर्घिका एकाच दिशेला लांबट दिसायला लागल्या. नाचावंसं वाटलं, पण मी सरांची चेली, लगेच नाचले नाही. शेपटांचा हिशेब करून सगळे इलेक्ट्रॉन माघारी टाकले आणि पुन्हा मोजलं. लांबटपणाची सरासरी तेवढीच आली. दुरुस्ती करूनही आकडा हलला नाही, म्हणजे ही चिपची चूक नव्हे, हा खरोखर विश्वाचा लांबटपणा! सर तेव्हा पुतण्याच्या लग्नाला साखऱ्याला गेले होते, चार दिवसांसाठी. ते चार दिवस मला निघेनात. मी घरी सांगून टाकलं. बाबांनी सरपंचांना सांगितलं. सरपंचांनी काय समजून घेतलं कोण जाणे, पण सर परत यायच्या आत हट्ट्याच्या फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला. मधे माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो, आणि खाली, ‘विश्वाचा नवा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे वीस फोटो, त्यातल्या अर्ध्यांना मी ओळखत नव्हते. रविवारी दुपारी ग्रामपंचायतीपुढे सत्कार. प्रमुख पाहुणे, सर.

मी सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, “आलेख धाडून दे.”

सर बसनं आले, वेळेवर. ग्रामपंचायतीच्या खोलीत आम्हा दोघांना बसवलं होतं, बाहेर मांडवात माणसं जमत होती, माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. सरांनी पिशवीतून माझ्या आलेखाची प्रत काढली.

“ही चिप वाचून काढतेत कुण्या बाजूनं?”

“खालच्या, सर.”

“समदी?”

त्या एका शब्दासरशी मला माझी चूक दिसली. ती चिप दोन भागांत वाचतात. खालचा अर्धा भाग खालच्या काठाकडं, वरचा अर्धा वरच्या काठाकडं. मला हे ठाऊक होतं. पण आमच्या शेताला एकाच बाजूनं उतार आहे, पाणी कुठूनही सोडा, खालीच येतं, आणि प्रोग्रॅम लिहिताना माझ्या हातानं सगळ्या चिपला तोच उतार दिला होता. खालच्या अर्ध्यातले इलेक्ट्रॉन मी घरी पोचवले होते. वरच्या अर्ध्यातले आणखी लांब नेऊन सोडले होते.

मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही अर्धे वेगळे मोजले. खालचा लांबटपणा गेलेला. वरचा दुप्पट झालेला. दोन्हींची सरासरी जिथल्या तिथं. बाहेर माईकवर चाललं होतं, विश्वाचा नवा शोध लावणारी आपल्या गावची कन्या. मला रडू फुटलं.

“रडू नगस,” सर म्हणाले. “भायेर किती माणसं हैत?”

“दोनशे तरी असतील.”

“मोजले?”

“सर!”

“बरं बरं. अंदाजे दोनशे.”

“तुमी सांगा ना त्यांना, सर. तुमचं ऐकतील.”

सरांनी मान हलवली. “मोजलं तू, चुकलं तुझं, सांगायची पाळी बी तुझीच. मी निस्ता नारळ घ्यायला आलो.”

मी माईकपुढे गेले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. हळदीची चक्की सांगितली, वरचा अर्धा, खालचा अर्धा सांगितला, आणि शोध नाहीये, माझी चूक आहे, एवढं म्हणाले. बाबा आपल्या चपलांकडं बघत होते. ते बघून मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी सरळ मनानं विचारलं, “मंग शाल माघारी द्यायची का?”

सगळे हसले. सर उठले. “शाल राहू द्या. फ्लेक्स तेवढा दुरुस्त करा.”

लोकांना वाटलं फ्लेक्स काढायचा. सरांनी कोरा कागद, डिंक आणि खुर्ची मागवली. मांडव उठून त्यांच्यामागे फाट्यावर गेला. सर खुर्चीवर चढले, फ्लेक्सवरचं एकही अक्षर त्यांनी झाकलं नाही, फक्त ‘हार्दिक अभिनंदन’च्या शेजारी चिठ्ठी चिकटवली. गोल गोल अक्षरात: ‘१ शोध वजा करा.’ खाली उतरले, लांबून पाहिलं, पुन्हा वर चढले आणि त्याखाली लिहिलं: ‘चूक स्वतः सांगितली.’ तो फ्लेक्स पुढे कित्येक महिने तिथं होता. वसमतच्या बसमधले लोक खिडकीतून तो वाचायचे आणि मी दिसले की आणखी वाकून बघायचे.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “न्हाई सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं?”

“सरांना.”

बाबांनी जरा विचार केला. “मंग जेव,” म्हणाले.

त्यानंतर मी सगळं पहिल्यापासून केलं. दीड वर्ष लागलं. दोन्ही अर्धे वेगळे, दोन्हींचे उतार वेगळे, प्रत्येक वर्षाचे खळगे वेगळे. शेवटी दोन्ही भागांत लांबटपणा गेला. शिल्लक राहिलं ते शून्याच्या इतकं जवळ, की त्याला शून्यच म्हणावं. शोध नव्हताच तो, पण चिपची चूक किती आणि ती कशी काढायची, हे आता चोख हातात आलं होतं. मी तो आलेख छापून सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. खिडकीपाशी जाऊन कागद उजेडात धरला. फार वेळ बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, “ठेवून जा.”

बस्स. ठेवून गेले. पुढे त्याच कामावर मला पुण्याला एका संस्थेत नोकरी लागली. जाताना पाया पडायला गेले तर म्हणाले, पुण्याची बस अर्धा तास उशिरा सुटते, त्या हिशेबानं नीघ. मला राग आला होता. खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं तो राग माझ्याबरोबर होता. परदेशातल्या लोकांनी माझी पद्धत वापरली, कौतुकाची पत्रं लिहिली, आणि मी प्रत्येक पत्र वाचून मनात म्हणायचे, हो, पण सर बराबर म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले, तो जुना आलेख पिशवीत घालून. सर आता निवृत्त आहेत, थकलेत. घड्याळ तिथंच, सात मिनिटं मागे. पण बेसिनवरच्या आरशावर मला एक नवी चिठ्ठी दिसली. अक्षर गोलच, जरा कापरं. ‘उत्तर उशिरा. बहुतेक पुढच्याला मिळतं.’

“ही कशाची?” मी काकूंना विचारलं.

“त्यांची सोताची,” काकू म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्याला पदर लावला. मग त्यांनी सांगितलं ते असं. शेजारीण सकाळी येऊन विचारते, सर, पूजेला येणार ना? सर तिच्याकडं नुसतं बघत राहतात. दुपारी पोस्टमन येतो, त्याला सांगतात, येतो, पर परसाद कमी द्या. “पयले आठ दिवस मी घाबरले. मंग ह्यायनीच हिशेब लावला, आरशाम्होरं उभं राहून चिठ्ठी लावली. आता गल्लीत समद्यांना ठाऊक झालंय. ज्याला दुसऱ्याचं उत्तर मिळतं, तो ईचारतो, माझ्या आधी कोण आलं होतं? अन् नेऊन पोचवतो.”

मी सरांजवळ बसले. त्यांनी मला ओळखलं, हात हातात घेतला. मी नव्या दुर्बिणीचं सांगितलं. ती वर गेली त्या दिवसापासून तिच्या चिपवर खळगे पडायला लागले आणि आम्ही पहिल्या दिवसापासून ते मोजतोय, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. मग मी तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण तो साधा राहिला नाही.

“सर, हे बराबर होतं का?”

सरांनी कागदाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग ते ठामपणे म्हणाले, “पाच किलो सांगितले होते. चारच आले.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “सकाळच्या कांदेवाल्याचं हाय ते.”

मी हसले. काय करणार? कागद घडी करून पिशवीत ठेवला, पाया पडले आणि निघाले. दारात खंडूमामा भेटले, दळणाचा डबा घेऊन आत जात होते. दोन शब्द बोललो. कोपऱ्यावर कांदेवाला होता, त्याला मी निरोप दिला. तो जीभ चावून म्हणाला, “व्हय, एक किलो राहिला खरा,” आणि लगेच तोलायला लागला. निदान एक उत्तर तरी मी घरी पोचवलं, असं म्हणत मी स्टँडवर जाऊन बसले. मन मात्र फार जड झालं होतं. आता विचारायला काही उरलं नव्हतं.

दहाएक मिनिटांनी खंडूमामांची मोटारसायकल थेट फलाटापाशी येऊन थांबली. रिकामा डबा हँडलला तसाच अडकवलेला. अंगावर पीठ, धापा टाकत होते.

“बरं झालं, बस गेली न्हाई,” म्हणाले. “पोरी, सरांनी माझा हात धरला. सोडीनातच. म्हणले, दोन्ही अर्धे बराबर हैत. म्हणले, तवाच बघितलं, सांगायचं राहून गेलं. आता मी तर गव्हाचं पीठ घेऊन गेल्तो, त्यात कसले आलेत दोन अर्धे? काकूला ईचारलं, माझ्या आधी कोण होतं. म्हणल्या, तू.” त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. “तुझं पीठ माझ्या डब्यात आलं बघ. ते द्यायला आलो.”

“बराबर म्हणाले, मामा? हाच शब्द?”

“दोनदा म्हणले.”

मी तिथं बाकावर बसून रडले, आणि खंडूमामा आपले गोंधळून, वाईट बातमी आणली का काय मी, असं शेजारच्या बाईला विचारत राहिले. मग मी पिशवीतून तो आलेख काढला. पेन मामांकडंच मिळालं, गिऱ्हाइकांच्या डब्यांवर नावं घालायचं, जाड टोकाचं. कोपऱ्यात लिहिलं, बराबर. पुन्हा लिहिलं, बराबर. आणि खाली तारीख टाकली ती त्या दिवसाची नाही. सर खिडकीपाशी कागद उजेडात धरून उभे होते आणि ‘ठेवून जा’ म्हणाले होते, त्या दिवसाची टाकली.